डॉक्टर, एक विचारू? : पंपावरची ड्युटी आणि रक्तातली साखर

प्रश्न : डॉक्टर, स. न. वि. वि. आमचे मिस्टर हायवेवरच्या पेट्रोल पंपावर फिलर आहेत. वय ३९, पंपावर चौदा वर्षं झाली. बारा तासांची ड्युटी असते, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. अंगानं सडपातळ, वजन ५८ किलो. दारू-तंबाखू नाही. गेल्या महिन्यात गावात तपासणी शिबिर झालं, त्यात साखर निघाली. मग लॅबमध्ये केली तर उपाशीपोटी १४४ आणि जेवणानंतर २३१ आली. तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) मात्र ६.१. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. एक डॉक्टर म्हणतात डायबेटिस आहे, गोळी सुरू करा. दुसरे म्हणतात तीन महिन्यांची ठीक आहे, पथ्यावर ठेवा. घरात कुणालाच शुगर नाही. सासूबाई म्हणतात, हे पेट्रोलच्या वासानं झालं. त्यांच्या पंपावर अजून दोघांना आहे. पेट्रोलनं शुगर होते का? नोकरी सोडायला लावू का? आणि पेट्रोल अंगात उतरू नये म्हणून ड्युटीवरून आले की ते गुळाचा खडा खातात, तो चालू ठेवायचा का? घरात तीन वर्षांची मुलगी आहे, त्यांच्या कपड्यांना फार वास येतो.
— एक वाचक भगिनी, बार्शी तालुका

उत्तर : गुळापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. बंद. आजपासून. धुळीत काम करणाऱ्यांना गूळ द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मी कारखान्याच्या दवाखान्यात होते तेव्हा फाउंड्रीच्या पोरांना शिफ्ट सुटताना ढेप फोडून वाटायचे. पण पेट्रोलची वाफ काही घशाला चिकटून बसत नाही, की गुळाबरोबर खाली उतरावी. ती फुप्फुसातून सरळ रक्तात जाते आणि रक्तातून यकृतात. त्या वाटेवर गुळाला काम नाही. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत तर तो खडा म्हणजे साखरच, फक्त रंग वेगळा.

आता रिपोर्ट. उपाशीपोटी १२६ च्या वर आणि जेवणानंतर २०० च्या वर, दोन्ही आकडे एकाच दिवशी ओलांडलेले आहेत. खात्रीसाठी एकदा पुन्हा तपासा, पण माझ्या मते पहिले डॉक्टर बरोबर आहेत. पथ्य तर करायचंच, गोळी लागेल असं धरून चाला.

मग तीन महिन्यांची साखर ६.१ कशी? लॅबची चूक म्हणून सोडून देऊ नका. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं माप. तांबडी पेशी साधारण चार महिने जगते, म्हणून तिच्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पेशीच लवकर मरत असेल, किंवा रक्त गेल्यामुळे नव्या पेशी जास्त तयार होत असतील, तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर उलट, खोटा जास्त येतो. त्यांना विचारा, गेल्या तीन-चार महिन्यांत कुठल्या मंडळाच्या, जयंतीच्या शिबिरात रक्तदान केलं होतं का? मूळव्याधीतून रक्त जातं का? केलं असेल, जात असेल, तर कोडं तिथेच सुटलं.

नसेल तर हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजणी, म्हणजे सीबीसी, बघावी लागेल. तुम्ही साखर लिहिलीत, ट्रायग्लिसराइड लिहिलीत, पण सीबीसीचा पत्रात उल्लेख नाही. चौदा वर्षं पंपावर काढलेल्या माणसाचा सीबीसी कुणी केलाच नसेल, तर मला त्याची काळजी साखरेपेक्षा कमी नाही.

कारण असं. आपल्याकडच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का असावं असा नियम आहे. म्हणजे शंभर लिटरमागे एक लिटरपर्यंत. ऐकायला कमी वाटतं, पण बेंझीन पटकन उडतं आणि फिलरच्या नाकापाशी पोचतं. यकृतात त्याचे तुकडे होतात आणि त्यातले काही हाडांच्या मगजाला, जिथे रक्त तयार होतं त्या जागेला, मारक असतात. पांढऱ्या पेशी कमी होणं, प्लेटलेट कमी होणं, हिमोग्लोबिन उतरणं, आणि वर्षानुवर्षं जास्त संपर्क राहिला तर रक्ताचा कर्करोग. यात आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बेंझीनला फार पूर्वीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं, आणि २०२५ मध्ये वाहनांच्या पेट्रोललाही त्याच गटात घातलं. घाबरवायला सांगत नाही. प्रत्येक फिलरला हे होतं असं मुळीच नाही. पण वर्षातून एकदा सीबीसी हा या नोकरीचा भागच समजायला हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात महालॅबतर्फे (सरकारी मोफत तपासणी सेवेतर्फे) तो मोफत होतो. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आल्या, तर पुन्हा करायचा आणि फिजिशियनला दाखवायचा. आकडे मर्यादेत असले तरी कागद फाइलला लावून ठेवा. एका वर्षाचा सीबीसी फारसं बोलत नाही. तीन वर्षांचे शेजारी ठेवले की उतार दिसतो.

आता सासूबाईंचा मुद्दा. पेट्रोलनं शुगर होते का? त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, आणि शिक्का मारण्यासारखंही नाही.

अमेरिकेत लुईव्हिल आणि डेट्रॉइट इथल्या विद्यापीठांत उंदरांना काही आठवडे बेंझीनच्या वाफेत ठेवून पाहिलं. त्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, साखर चढली. डेट्रॉइटच्या प्रयोगात नरांमध्ये हे झालं आणि माद्या बचावल्या. नरांच्या मेंदूतल्या भूक-साखर सांभाळणाऱ्या भागात दाह आढळला. पण उंदरांना दिलेली मात्रा हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग होती. आपल्याकडे कारखान्यांसाठीची आठ तासांची मर्यादा अर्धा भाग आहे, म्हणजे उंदरांना त्याच्या शंभरपट. माणसांतही खुणा आहेत. दक्षिण कोरियात सोलच्या वयस्क लोकांमध्ये लघवीत बेंझीनचा अवशेष जास्त असणाऱ्यांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीनं दुसरी केली असं ठरत नाही. तेव्हा माझं मत असं, की शुगरकडे ढकलणाऱ्या कारणांपैकी पेट्रोल हे एक असू शकतं. पण एकट्या पेट्रोलनं यांना शुगर झाली असं मी कागदावर लिहून देणार नाही.

ढकलणारे आणखी कोण, ते तुमच्याच पत्रात आहे. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. माझ्या दृष्टीनं हा पेट्रोलपेक्षा मोठा संशयित आहे. रात्री शरीर साखर नीट पचवत नाही, आणि दर आठवड्याला झोपेचं घड्याळ उलटंपालटं केलं की ते कधीच जागेवर येत नाही. पाळीत काम करणाऱ्यांना मधुमेह जास्त होतो, हे बऱ्याच देशांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. त्यात रात्री दोनचा चहा. पंपावरचा चहा कसा असतो मला ठाऊक आहे : अर्धा कप, पण दोन चमचे साखर, आणि ट्रकवाला थांबला की त्याच्याबरोबर आणखी एक. दिवसाचे सहा-सात होतात आणि कुणी मोजत नाही. मिस्टरांना एक दिवस मोजायला सांगा.

‘सडपातळ आहेत’ हेही आपल्याकडे कवच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांची उंची-वजनाची पट्टी (बीएमआय) सारखीच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी आपली ठेवण. तुमच्या मिस्टरांचं ५८ किलो वजन मला काहीच सांगत नाही, बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर सांगा. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेली की काळजी. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवेत, ती २१० आहेत. बीपी मोजलंय का ते तुम्ही लिहिलं नाही, ते मोजा.

आणि ‘घरात कुणाला शुगर नाही’ हे मी रोज ऐकते. कुणी तपासली आहे का, एवढंच विचारते. सासूबाईंची एकदा करून घ्या. त्यांची निघाली तर रागावतील, पण उपचार तरी मिळेल.

नोकरी सोडायला लावू नका. पगार बंद झाला तर औषध आधी बंद होतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. त्याऐवजी चार गोष्टी त्यांना पंपावर बदलायला सांगा. एकीलाही पैसे लागत नाहीत.

वाफ नेमकी कुठून येते ते समजलं की बाकीचं आपोआप कळतं. गाडीची रिकामी टाकी रिकामी नसते, वाफेनं भरलेली असते. एक लिटर पेट्रोल आत गेलं की साधारण तेवढीच वाफ बाहेर ढकलली जाते. चारचाकीत नोझल तोंडात नीट बसतं, पण मोटारसायकलच्या टाकीचं तोंड उघडं असतं आणि फिलर त्यात वाकून बघत असतो, कुठवर आलं म्हणून. ती वाफ सरळ त्याच्या तोंडावर. तेव्हा वाकायचं नाही. नोझल पूर्ण आत, चेहरा बाजूला आणि वारा पाठीवरून येईल असं उभं राहायचं. ऑटो-कट झाल्यावर, म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद झाल्यावर, ‘राउंड फिगर करा’ म्हणणारं गिऱ्हाईक असतंच. त्या शेवटच्या दोन-तीन दाबांत सांडतंही आणि वाफही जास्त निघते. ऑटो-कट झालं की थांबायचं, सुट्टे पैसे द्यायचे. यूपीआयच्या काळात राउंड फिगरचा हट्ट कशाला, हे मला खरंच कळत नाही.

सकाळी पेट्रोलची डेन्सिटी (घनता) बघतात तेव्हा जार तोंडाजवळ धरून आकडा वाचायची सवय असते. जार टेबलावर ठेवून, उघड्यावर वाचायचा आणि पेट्रोल लगेच परत ओतायचं. टँकर उतरत असताना गरज नसेल तर तिथे थांबायचं नाही. झाकण उघडून डिप घ्यायची, म्हणजे काठीनं साठा मोजायची, वेळ आली, तर झाकण काढून क्षणभर बाजूला व्हायचं, मग काठी सोडायची. आणि तो खिशातला फडका. सांडलेलं पुसायचं आणि परत पँटच्या खिशात. दिवसभर मांडीला पेट्रोलची पट्टी बांधल्यासारखं आहे ते. बेंझीन कातडीतूनही आत जातं. फडक्याला झाकणाचा डबा ठेवा, खिसा नको.

ते म्हणत असतील, ‘मला आता वास येतच नाही.’ सगळे म्हणतात. नाक थोड्या वेळात सरावतं आणि सांगायचं थांबवतं. वाफ तेवढीच असते.

कपड्यांचं तुम्ही बरोबर ओळखलंत. पंपावरच युनिफॉर्म बदलून, पिशवीत बांधून आणायचा आणि हातपाय साबणानं धुऊनच मुलीला उचलायचं. पेट्रोल सांडलेले कपडे घरात, गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ठेवू नका. आधी अंगणात वाऱ्यावर वास जाईपर्यंत वाळत घाला, मग वेगळे धुवा. सांडलेल्या कपड्यांसह थेट वॉशिंग मशीन लावू नका, आगीचा धोका आहे.

ड्युटीबद्दल मालकांशी बोला. रात्रपाळी पूर्ण टळणार नसेल, तर दर आठवड्याला बदलण्याऐवजी महिनाभर सलग एकच पाळी मिळते का बघा, म्हणजे गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा तरी बसतील. गोळी कुठली आहे त्यावर हे अवलंबून आहे : काही गोळ्यांनी, विशेषतः ‘ग्लिम’नं सुरू होणाऱ्या नावांच्या, जेवण चुकलं की साखर एकदम उतरते. रात्री तीन वाजता पंपावर चक्कर येणं बरं नाही. डॉक्टरांना पाळी सांगितल्याशिवाय औषध घेऊ नका. पाणी प्यायला सांगा. लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी टाळणारे फिलर मी पाहिले आहेत, आणि साखर जास्त असलेल्या माणसानं बार्शीच्या उन्हाळ्यात ते करणं म्हणजे मूत्रपिंडाशी वैर.

पगारातून ०.७५ टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का, तेही बघा. कापत असतील तर तपासण्या आणि औषधं ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतील. एक गोष्ट स्पष्ट सांगते : व्यावसायिक रोगांच्या कायदेशीर यादीत बेंझीनमुळे होणारे आजार आहेत, मधुमेह नाही. त्यामुळे साखरेवरून भरपाई मागायला गेलात तर हाती काही लागणार नाही. सीबीसीच्या फाइलचं महत्त्व इथेही आहे. आणि त्यावर ‘पेट्रोल पंपावर फिलर, अमुक सालापासून’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्याकडच्या केसपेपरवर वय असतं, गाव असतं. माणूस काय काम करतो ते नसतं.

प्रश्न : माझा जिल्ह्याच्या ठिकाणी पंप आहे. स्टाफला मास्क दिले आहेत, पण घालत नाहीत. लघवीतून बेंझीन कळणारी टेस्ट असते असं वाचलं, ती सगळ्यांची करून घ्यावी का?
— एक डीलर, मराठवाडा

उत्तर : कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवतच नाही, धूळ अडवतो. स्टाफ घालत नाही यात त्यांचं काही चुकत नाही. वाफ अडवायला कोळशाची डबी असलेला मास्क लागतो, आणि तो मे महिन्यात बारा तास कुणी घालू शकणार नाही. टँकर उतरवणाऱ्या आणि डिप घेणाऱ्या माणसापुरता असा एक ठेवा, बाकीच्यांना नायट्राइलचे हातमोजे द्या.

बेंझीनपासून शरीरात तयार होणाऱ्या, लघवीतल्या म्युकॉनिक आम्लाची टेस्ट असते, पण ती शिफ्ट संपताना घ्यावी लागते आणि सॉस, ब्रेड, बाटलीबंद सरबतं यांत टिकावासाठी घालतात त्या सॉर्बिक आम्लानंही ती वाढते. वडापावबरोबर सॉस खाल्लेला माणूस उगाच घाबरेल. तेवढ्या पैशांत सगळ्या स्टाफचा कामावर घेताना आणि नंतर दर वर्षी सीबीसी करा, सोबत साखर, यकृताच्या तपासण्या आणि बीपी. ज्याला दारूची सवय आहे त्याला बाजूला घेऊन सांगा : बेंझीनचे विषारी तुकडे करणारं यकृतातलं एन्झाइम दारूनं वाढतं, त्यामुळे तेवढ्याच वाफेत त्याचं नुकसान जास्त. बसायला एक उंच स्टूल, साबण, स्वच्छ संडास आणि जेवायला डिस्पेन्सरपासून (पेट्रोल भरायच्या मशीनपासून) लांब जागा एवढं केलंत तरी मास्कच्या पेटीपेक्षा उपयोग जास्त. वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा तुमच्या पंपाला लागू आहे का, ते कंपनीच्या सेल्स ऑफिसरला विचारा. विक्री आणि शहराची लोकसंख्या यावर ते ठरतं. बसवली असेल तर ती चालू आहे ना, हेही बघा. नोझलवरचं रबर फाटलं की ती नुसती शोभेची.

प्रश्न : मुलगा गॅरेजमध्ये शिकाऊ आहे. ग्रीस निघावं म्हणून पेट्रोलनं हात धुतो, नळी तोंडानं ओढून पेट्रोल काढतो. चालतं का?
— रत्नागिरी

उत्तर : दोन्ही चालत नाही. पेट्रोलनं हाताची नैसर्गिक चरबी धुऊन जाते, कातडी फुटते आणि फुटलेल्या कातडीतून ते आणखी आत जातं. ग्रीसला आधी थोडं खोबरेल चोळा, चिंधीनं पुसा, मग भांड्याचा साबण. नळी तोंडानं ओढताना घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर काही तासांत रासायनिक न्यूमोनिया होतो. हातपंपाची नळी बाजारात स्वस्तात मिळते. आणि कधी गिळलंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, उलटीतून ते पुन्हा फुप्फुसात जातं. तडक सिव्हिलला न्या.